राजाच्या सोंगटीवरचा चेहरा

चादर ओढली आणि तळघरातलं हसू मध्येच तुटलं.

दरवर्षी चादर निघाली की आधी हशा उठायचा, मग शिट्ट्या, मग ज्याचा चेहरा सोंगटीवर उतरला असेल त्याच्या पाठीवर थापा. यंदा हशा उठला आणि अर्ध्यावरच थांबला. फळ्यांच्या लांब गल्लीच्या पलीकडच्या टोकाला नऊ लाकडी सोंगट्या मांडल्या होत्या. आठ कडेनं, नववी मधोमध. मधली वीतभर उंच, डोक्यावर लाकडातच कोरलेला मुकुट. तो राजा. राजाच्या तोंडावर नगराध्यक्ष ग्रोत्स यांचा चेहरा असायला हवा होता. तिथून गावच्या चर्चचे फादर इग्नाझ बघत होते.

वालबुर्गानं नेहमीप्रमाणे नजर खाली ठेवली होती. माणसं का गप्प झाली हे तिला कळेना, म्हणून तिनं हळूच गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. लाकडाकडे बघायला तिला मनाई नव्हती. कपाळावरच्या तीन आठ्या, त्यातली मधली अर्ध्यात तुटलेली. हनुवटीची खळी. डावी पापणी किंचित जड. रोज सकाळी प्रसाद घेताना ती हेच तोंड वर मान करून बघत होती, अकरा वर्षं.

आणि रंगवलं होतं तिनंच. दोन आठवडे स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून, सोंगटी मांडीवर घेऊन. तेव्हा इतकंच वाटलं होतं की नवे नगराध्यक्ष दिसायला बरे आहेत, चेहऱ्यावर माया आहे. मांडीवरून ते ओळखू आलं नाही. गल्लीच्या या टोकावरून, म्हणजे प्रवचनाच्या वेळी फादर जितके लांब उभे असतात तेवढ्या अंतरावरून, शेंबडं पोरही ओळखेल असं ते होतं.

नॉय-आल्टिंग हे विस्कॉन्सिनमधलं नदीकाठचं गाव. बव्हेरियातून आलेल्या लोकांनी वसवलेलं. चर्च बांधलं तेव्हाच त्याच्या तळघरात गोळे टाकून सोंगट्या पाडायची गल्ली घातली, कारण जुन्या देशातही ती चर्चच्या अंगणातच असे. वर प्रार्थना, खाली खेळ, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. चाळीस दिवसांचे उपास बुधवारी राखेचा टिळा लावून सुरू व्हायचे, आणि आदल्या मंगळवारी सोंगांचा दिवस. त्या दिवशी कुणी कुणाला काहीही म्हणावं, रुसायचं नाही. गावच्या कारभाऱ्यांचे चेहरे सोंगट्यांवर रंगवायचे आणि सगळ्या गावानं गोळे टाकून त्यांना लोळवायचं. कारभारी स्वतः पहिल्या रांगेत बसायचे. संध्याकाळी सहाची घंटा झाली की सगळं संपलं. निघालेला गोळाही हातानं धरून थांबवायचा.

पुलापलीकडच्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या गावात दहा सोंगट्यांचा खेळ होता. सोंगट्या घडवणारा कोर्बिनियान त्यावर दरवर्षी तोच विनोद करी. म्हणे, या लोकांनी राजा नको म्हणून वेगळा देश काढला, आता खेळातसुद्धा राजाला मान नाही. त्यांच्यात एक सोंगटी उभी राहिली तर डाव फसला. आपल्यात आठ पडून राजा एकटा उभा राहिला तर ती माळ, सगळ्यांत मोठा डाव. माळ पडली की तळघरातल्या प्रत्येक पुरुषानं उभं राहून राजापुढे टोपी काढायची. पाडायला आलेल्यांनी उभा राहिलेल्याला मान द्यायचा, असा तो रिवाज. कोर्बिनियाननं साठ वर्षांत माळ तीनदाच पाहिली होती.

सोंगं रंगवायचं काम वालबुर्गाकडे नवऱ्यामागून आलं. झेवर देवळादेवळातल्या संतांच्या मूर्तींचे चेहरे नव्यानं रंगवायचा. एका फेब्रुवारीत रंगांची घसरगाडी ओढत तो गोठलेल्या नदीवरून निघाला आणि बर्फ फुटला. नदीकाठच्या झोपड्यांतले, बोहेमियातून आलेले बर्फ कापणारे मजूर तीन दिवस गज घालून शोधत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्याला घरी आणलं. त्या दिवसापासून वालबुर्गानं दोन नेम धरले. परपुरुषाच्या तोंडाकडे बघायचं नाही, आणि रोज संध्याकाळी सहाला चर्चची घंटा देऊन मेरीमातेपुढे दिवा लावायचा. अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही. तापात फणफणली होती तेव्हाही ती भिंत धरत गेली होती. फादरनी चर्चची किल्ली तिच्या हवाली केली होती, आणि ती किल्ली तिच्या कमरेला असे. तिच्याजवळ त्याहून मोलाचं दुसरं काही नव्हतं.

मग न बघता चेहरे कसे काढायची? कोर्बिनियान खुणा सांगायचा. याच्या मिशा झाडूसारख्या, त्याचा चष्मा, याच्या गालावर चामखीळ. खुणा जमल्या की माणूस जमायचा. पण ग्रोत्स गेल्या वसंतात निवडून आले आणि त्यांच्याजवळ खूणच नव्हती. दाढी नाही, मिशी नाही, चष्मा नाही. कोर्बिनियान डोकं खाजवून म्हणाला होता, गोल चेहरा, गुळगुळीत, हनुवटीला जराशी खळी, बाकी काय सांगू वहिनी, माणूस म्हणजे सोललेला बटाटा. तेवढ्यावर तिचा हात चालू लागला, आणि हाताला गुळगुळीत पुरुषी चेहरा एकच ठाऊक होता.

हे सगळं तिला आता एका क्षणात कळलं.

पहिले बोलले ते ग्रोत्सच. माणूस बोलण्यात तरबेज. ते मोठ्यानं म्हणाले, "निवडणुकीत पडण्यापेक्षा इथं पडलेलं परवडतं म्हणून आलो होतो. इथं तर बाईंनी मला उभंच केलं नाही."

थोडे लोक हसले. पण ते हसणं भलतीकडेच वळलं, कारण हसणारे ग्रोत्सांकडे न बघता फादरकडे बघत होते. मग मागच्या बाकावरून म्हातारा वात्स्लाव उठला. नदीकाठचा, झेवरला उचलून आणणाऱ्यांतला. तो कधी तळघरात बोलत नसे. त्यानं टोपी छातीशी धरली आणि आपल्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "बाईनं बरोबर काढलं. घंटा ज्यानं घेतली तोच राजा."

शेजारच्या खोलीत कुणीतरी जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोड गोळे तळत होतं, त्या तेलाचा चरचराट ऐकू येऊ लागला.

वालबुर्गाला काही उमजेना. ती कोर्बिनियानच्या बाहीला धरून बाजूला घेऊन गेली आणि विचारलं, घंटेचं काय. कोर्बिनियान आधी तिच्याकडे बघतच राहिला. थट्टा करतेय की काय असं त्याला वाटलं असावं.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक नाही?"

"भाऊजी, मला काय ठाऊक असणार?"

त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. नदीकाठच्या झोपड्यांची जागा नगरपालिकेनं दारूभट्टीच्या बर्फकोठीला द्यायचं ठरवलंय. ईस्टरच्या आत चौदा घरांनी उठायचं. हिवाळ्याच्या सुरुवातीला वात्स्लाव आणि आणखी दोघे फादरकडे गेले होते, प्रवचनात एक शब्द बोला म्हणून. एका शब्दानं ठराव फिरला असता, कारण सहाही नगरसेवक रविवारी पहिल्या रांगेत असतात. फादर हो म्हणाले. मग ग्रोत्सांनी चर्चला नवी घंटा दिली. त्यानंतर फादर एक शब्द बोललेले नाहीत.

"सगळ्या गावाला माहीत आहे," कोर्बिनियान म्हणाला. "कुणी तोंड उघडलं नाही, एवढंच. आम्हाला वाटलं, तुम्ही उघडलंत."

नवी घंटा. नाताळच्या आधी बसवली ती. जुनीला तडा गेला होता, आवाज फाटका यायचा. नव्या घंटेचा सूर इतका गोड की पहिल्या दिवशी दोर ओढताना वालबुर्गाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. झेवरला हा आवाज पोचत असेल असं वाटलं होतं. दोन महिने ती रोज तो दोर ओढत होती. तिनं आपले तळवे पालथे केले, पुन्हा उलटे केले. त्यावर काही नव्हतं. दोराचे जुनेच घट्टे.

एव्हाना लोक तिच्याभोवती गोळा होऊ लागले होते. कुणी तिचा हात दाबून गेलं. खाटकाची बायको क्रेशेन्स, जिची जीभ गावात सगळ्यांत तिखट, ती कानाशी येऊन म्हणाली, "वाल्बी, आम्ही तुला शेळी समजत होतो गं. तू तर दाणकन शिंग मारलंस." वात्स्लावची सून तिच्या शालीची कड डोळ्यांना लावून गेली. वालबुर्गाला ओरडून सांगावंसं वाटत होतं की नाही हो, मी काही केलेलं नाही. जे धैर्य हे लोक तिच्या पदरात टाकत होते ते तिचं नव्हतं, आणि न केलेल्या गोष्टीचा मान घेणं तिला चोरीसारखं वाटत होतं.

तेवढ्यात फादर इग्नाझ जवळ आले. वाट आपोआप मोकळी झाली. तिनं सवयीनं मान खाली घातली. त्यांचे बूट दिसले, काळे, टाचेशी झिजलेले. ते बूट दर पंधरा दिवसांनी तीच पुसत असे.

"वालबुर्गा," ते मऊ आवाजात म्हणाले, "हे मुद्दाम केलंस का?"

"नाही, फादर."

"मला वाटलंच." त्यांनी सुस्कारा सोडला. "मग एवढंच कर. पहिला गोळा टाकायच्या आधी सगळ्यांना सांग की चूक झाली. खोटं बोलायला मी सांगत नाही. जे खरं आहे तेच सांग. राजा बाजूला ठेवू, त्याच्या जागी कोरी सोंगटी लावू, आणि खेळ सुरू."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर देवळातलं काम माझ्यावर थट्टा करणाऱ्या बाईच्या हाती आहे, असा अर्थ होतो. ते मला चालवता येणार नाही. किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल."

किती साधं होतं. चूक तर खरोखरच झाली होती. त्यात खोटं अक्षर नव्हतं. तोंड उघडून दोन वाक्यं बोलायची की संध्याकाळी सहाला दोर तिच्याच हाती, दिवा तिच्याच हाती. पण तेच खरं आज बोललं तर त्याचं खोटं होत होतं. ती म्हणणार चूक झाली, आणि लोक ऐकणार की घंटेचंही काही नाही, वात्स्लाव म्हातारा बरळला. खऱ्या शब्दाचं असं होऊ शकतं हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. त्याचा तिला किल्लीपेक्षाही जास्त धक्का बसला.

"फादर," तिनं विचारलं, "घंटेचं खरं आहे का?"

बूट हलले नाहीत. मग उत्तर आलं, "घंटा देवाची असते, वालबुर्गा. कुणी दिली याला महत्त्व नाही."

अकरा वर्षांत प्रथमच तिनं प्रसादाची वेळ नसताना मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मधली आठी तुटलेली होती. तिनं काढली होती तशीच.

रिवाज असा होता की ज्यानं सोंगं रंगवली त्यानंच पहिला गोळा टाकायचा. थट्टा करणाऱ्यानं मागे लपू नये, असा त्यामागचा भाव. दरवर्षी वालबुर्गा खाली बघूनच गोळा सोडायची, तो दोन हातांवर कडेच्या पन्हळीत जायचा, आणि लोक प्रेमानं हसायचे. आजही कोर्बिनियाननं गोळा तिच्या हाती दिला. ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि वळली. तिचा आवाज मुळातच बारीक. मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"हा चेहरा माझ्याकडून चुकून आला," ती म्हणाली. फादरनी मान हलवली. ग्रोत्स खुर्चीत रेलून बसले. "मला नगराध्यक्षांचा काढायचा होता. घंटेचं मला आजपर्यंत माहीत नव्हतं. तुम्ही मला शाबासकी दिलीत, ती माझी नाही, परत घ्या. काढला तो चुकून काढला. पण आता मला माहीत आहे. म्हणून पुसणार नाही. आजही नाही, उद्याही नाही."

एवढं बोलून तिनं कमरेची किल्ली सोडवली आणि फादरनी हात पुढे करायच्या आधीच त्यांच्या हातात ठेवली. कमरेला ती जागा एकदम हलकी झाली. मग गोळा टाकायचा राहिला होता म्हणून तिनं तो टाकला. या खेपेला ती खाली बघत नव्हती.

गोळा सरळ गेला. पहिल्या सोंगटीला लागला, ती मागे उडाली, एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला घेतलं. झाडूमिशा पडल्या, चष्मा पडला, चामखीळ पडली. कडेची शेवटची बराच वेळ डोलत राहिली आणि तीही आडवी झाली. मधोमध राजा उभा होता. साधा हललाही नव्हता.

माळ.

कोर्बिनियाननं आयुष्यात चौथ्यांदा पाहिली. सवयीनं सगळे पुरुष उठून उभे राहिले. सवयीनंच हात टोप्यांपर्यंत गेले. आणि तिथं थांबले. ग्रोत्सांनी पटकन टोपी काढली आणि हसत आजूबाजूला पाहिलं. दुसरं कुणी काढत नव्हतं. त्यांनी ती पुन्हा हळूच डोक्यावर ठेवली. वात्स्लावची टोपी मघापासून छातीशी होती. त्यानं ती दोन्ही हातांनी नीट डोक्यावर चढवली, कानापर्यंत.

शंभरेक माणसं टोप्या घालून उभी होती, आणि पलीकडच्या टोकाला लाकडी फादर एकटे. एवढी मोठी गोष्ट आपल्या हातून घडली यानं वालबुर्गा हादरून गेली होती. खरे फादर जिन्याजवळ उभे होते. ते वळले आणि जिना चढून वर गेले.

त्यानंतर कुणी गोळा टाकला नाही. बीअरचे पेले भरले गेले, सॉसेज वाटलं गेलं, पण बोलणं कुजबुजीतच राहिलं. राजाला हात लावायला कुणी धजेना. सहा वाजता घंटा झाली की घरी जायचं, म्हणून सगळे घंटेची वाट बघत होते.

सहा वाजले. कोर्बिनियाननं खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. घंटा झाली नाही. सव्वासहा झाले. माणसं छताकडे बघू लागली. घंटेशिवाय सोंगांचा दिवस संपवायचा कसा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तसा प्रसंगच कधी आला नव्हता. क्रेशेन्स पुटपुटली, आता काय उपासातसुद्धा आपण इथंच सॉसेज खात बसायचं?

वालबुर्गाला राहवेना. दिव्याची वेळ टळून गेली होती. किल्ली नसली तरी दाराबाहेर पायरीवर उभं राहून दोन शब्द म्हणता येतील, असं मनाशी ठरवून ती शाल ओढून बाहेरच्या जिन्यानं वर गेली. बर्फ भुरभुरत होतं. चर्चचं दार उघडंच होतं. किल्ली कुलपात तशीच लटकत होती.

आत अंधारून आलं होतं. फादर इग्नाझ घंटेच्या दोराखाली बाकावर बसले होते. दोर त्यांच्या हातात होता. त्यांना तिची चाहूल लागली, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"तासभर झाला धरून बसलोय," ते म्हणाले. "ओढता येत नाही."

ती दोन पावलं पुढे आली.

"तू मला दुष्ट काढलं असतंस तर बरं झालं असतं. मी चिडलो असतो. तो चेहरा चांगल्या माणसाचा आहे, वालबुर्गा. मी लांबूनच पाहिला. मला वाटलं, हा कोण?"

"मी रोज बघते तोच, फादर," ती म्हणाली.

त्यांनी दोर सोडला. तो हलत राहिला. उठताना त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला. दाराशी ते थांबले, कुलपातल्या किल्लीकडे पाहिलं आणि तिला हात न लावता म्हणाले, "खाली लोक खोळंबलेत. घंटेशिवायच सांगावं लागेल. आणि नदीकाठचंही सांगतो. सहाही जण आहेत अजून, ग्रोत्सही आहेत." मग पाऊल बाहेर टाकत, "रविवारपर्यंत थांबलो तर पुन्हा माझी जीभ वळायची नाही."

त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली.

वालबुर्गा मेरीमातेपुढे गेली. दिव्यात तेल घातलं, वात पुढे सारली. काडी ओढणार तोच पायाखालच्या फळ्यांमधून आवाज येऊ लागला. फादरचा होता. शब्द कळत नव्हते. तो आवाज रविवारसारखा गोळीबंद नव्हता, अडखळत होता, थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. बराच वेळ चालला. मग कुणीतरी एकच प्रश्न विचारला आणि फादरनी एकाच शब्दात उत्तर दिलं.

ती काडी हातात धरून उभी राहिली.

मग फळ्यांखालून गडगड सुरू झाली. लाकडी गोळा, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वेदीच्या अगदी खालून. तिनं तिकडे एकच सोंगटी उभी ठेवली होती, राजाची.

ती एक पडल्याचा आवाज झाला. थोडा वेळ घरंगळली आणि थांबली.

वालबुर्गानं काडी ओढली आणि दिवा लावला. पहिली काडी विझली, वात दुसरीला पेटली.